श्रीलंका तांदळात स्वयंपूर्ण झाली, म्हणजे नेमकं काय झालं?

पाणथळ

कामानिमित्त कोलंबोत राहतो, त्यामुळे इथल्या तांदळाच्या बातम्या रोज नजरेखालून जातात. देश तांदळात स्वयंपूर्ण आहे असं मंत्री सांगतात. आणि मग एखाद्या डिसेंबरात, २०२४ मध्ये झालं तसं, दुकानांतून लाल तांदूळ नि नाडू (इथला उकडा तांदूळ) गायब होतो आणि आयातीची दारं उघडावी लागतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून हा धागा.

१९५३च्या जनगणनेत इथे ८१ लाख माणसं होती आणि टरफलासकट भाताचं उत्पादन वर्षाला ६ लाख टनांच्या आसपास होतं. लोक खात त्यातला निम्म्याहून जास्त तांदूळ बोटीने यायचा. २०२० साली माणसं २ कोटी २० लाखांच्या घरात आणि भात ५१ लाख टन. माणसं पावणेतीनपट, भात आठपट. सात दशकांपूर्वी कुणी हे भाकीत केलं असतं तर त्याच्यावर विश्वास बसला नसता.

पण मग २०२१ला रासायनिक खतांवर बंदी आली आणि २०२२चं उत्पादन ३४ लाख टनांवर घसरलं. एका निर्णयाने इतकं. म्हणून माझं मत असं झालंय की ही स्वयंपूर्णता खरी आहे, मोठी आहे, पण ती बाहेरून येणाऱ्या युरियावर आणि डिझेलवर उभी आहे. भात इथला, खत परदेशी.

तर प्रश्न: इतक्या लहान देशाने आपला तांदूळ आपणच पिकवायचा हट्ट धरावा का? आणि धरायचा तर काय काय स्वतःचं असायला हवं? शेतीतल्या, अर्थकारणातल्या आणि नुसत्या भात खाणाऱ्या, सगळ्यांनी लिहा.

कातळसडा

नुसता भात खाणारा म्हणून पहिला नंबर लावतो. रत्नागिरीचा आहे, तिन्ही त्रिकाळ चालतो. सविस्तर नंतर.

गोंदियाकर

उत्तम धागा. मला पाण्यापासून सुरुवात करू द्या, कारण धानाची गोष्ट तिथूनच सुरू होते.

पोलोन्नारुवाला गेलो होतो तेव्हा देवळं-मूर्ती राहिल्या बाजूला, मी पराक्रम समुद्र नावाच्या अवाढव्य तळ्याच्या बांधावरच रमलो. बाराव्या शतकातल्या पहिल्या पराक्रमबाहू राजाचं हे काम. पावसाचा एक थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्रात जाता कामा नये, असं त्याचं धोरण तिथले लोक अजून सांगतात. त्याच्याही सातशे वर्षं आधी धातुसेन राजाने कलावेवा तलाव बांधला आणि तिथून अनुराधापुरापर्यंत ८७ किलोमीटरचा कालवा नेला. त्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात उतार किलोमीटरला जेमतेम १० सेंटिमीटर आहे. आज लेव्हलिंगची यंत्रं हातात असताना हे करून दाखवायला चांगला इंजिनिअर लागेल.

आणखी एक बघण्यासारखं म्हणजे तळ्यांची साखळी. वरच्या तळ्याचं पाणी शेत भिजवून खालच्या तळ्यात, तिथून त्याच्या खालच्या. आमच्या भंडारा-गोंदिया-चंद्रपूर पट्ट्यातले मालगुजारी तलाव आणि बोड्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल. कोहळी समाजाने हे तलाव बांधले, गावानेच राखले. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि कित्येकांत नुसता गाळ साचत राहिला. श्रीलंकेतही मधली काही शतकं कोरड्या भागातली तळी अशीच फुटून पडली होती. फरक इतकाच की त्यांनी ती पुन्हा उभी केली.

जुनाजाणता

आमच्या पिढीला सिलोन म्हणजे रेडिओ. संध्याकाळी स्टेशन लागलं की घर गप्प. त्या आवाजापलीकडे तिथे लोक रेशनच्या तांदळासाठी रांगा लावत होते हे पुष्कळ उशिरा वाचनात आलं.

गोंदियाकरांनी राजांपासून सुरुवात केली, मी इंग्रजांपासून करतो. इंग्रजांना डोंगरात कॉफी नि नंतर चहा हवा होता. मजुरांना खायला तांदूळ ब्रह्मदेशातून आणि हिंदुस्थानातून आणणं त्यांना स्वस्त पडायचं. उलट भात पिकवणाऱ्या शेतकऱ्यावर धान्यकर होता. तो थकला म्हणून लोकांच्या जमिनी लिलावात गेल्या. १८९२ साली एकदाचा तो कर रद्द झाला. पुढे १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तांदळाच्या बोटी थांबल्या. बंगालात १९४३ला काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. सिलोनने रेशनिंग करून निभावलं, पण तो धसका गेला नाही.

स्वातंत्र्यानंतर रेशनचा तांदूळ मापाला २५ सेंट होता. १९५३ला सरकारने तो एकदम ७० सेंट केला. १२ ऑगस्टला देशभर हरताळ झाला, गोळीबारात माणसं गेली, मंत्रिमंडळाची बैठक बंदरातल्या ब्रिटिश युद्धनौकेवर घ्यावी लागली. पंतप्रधान डडली सेनानायके यांनी ऑक्टोबरात राजीनामा दिला. तांदळाच्या भावावरून पंतप्रधान जातो, हे ज्या देशाने पाहिलं तो स्वयंपूर्णतेचा ध्यास घेणारच. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला काही म्हणोत.

मंजिरी_द

@जुनाजाणता, युद्धनौकेवर मंत्रिमंडळ? हे माहीतच नव्हतं. असं लिहीत राहा.

अर्थपूर्ण

थोडा विरोधी सूर लावतो.

सिंगापूर तांदळाचा एक दाणा पिकवत नाही आणि तिथे कुणी उपाशी राहत नाही. आयातदारांनी दोन महिन्यांच्या आयातीइतका तांदूळ कायम गोदामात ठेवायचा हा कायदा, आणि अनेक देशांकडून खरेदी. झालं. श्रीलंकेने मात्र ७० वर्षं धरणं, कालवे, खताचं अनुदान, हमीभाव यांवर पैसा ओतला. २००५ नंतर तर ५० किलो खताची गोणी ३५० रुपयांना देत होते, बाजारात ती कितीही महाग असो. एवढं करून भात उत्पादक शेतकरी तिथल्या गरीब लोकांतच मोडतो, कारण दोन एकरांत भात लावून कुणाचंच भागत नाही.

त्याच पाण्यावर भाजी, फळं, मसाले घेतले असते तर शेतकऱ्याच्या हातात पैसा आला असता. त्या पैशात तांदूळ विकत घेता येतो. स्वयंपूर्णतेचा आकडा देशाला मिरवायला बरा, पण त्याची किंमत शेतकरी मोजतो.

कातळसडा

@अर्थपूर्ण, सिंगापूरकडे बंदर आहे, पैसा आहे. ज्याच्या खिशात डॉलर नाहीत त्याने काय करायचं? २०२२मध्ये श्रीलंकेच्या खिशात नव्हतेच ना.

मंजिरी_द

कातळसडांना अनुमोदन, आणि एक भर. पैसे असले तरी विकणारा हवा! २००७-०८ मध्ये भारताने बिगर-बासमतीची निर्यात थांबवली, व्हिएतनामनेही हात आखडता घेतला आणि थायलंडचा तांदूळ टनाला १००० डॉलरच्या वर गेला. २० जुलै २०२३ला आपण पुन्हा बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, ती सप्टेंबर २०२४पर्यंत. आपल्याकडे तेव्हा चर्चा काय, तर कोलमचा भाव. पण तिकडे आफ्रिकेतल्या आणि आशियातल्या लहान देशांत त्याचे चटके बसले.

मी निर्यात कंपनीत कागदपत्रं बघते. बंदीची अधिसूचना निघाली तेव्हा आमच्याकडे ज्यांचा माल अडकला त्यांचे फोन ऐकलेत. समोरचा माणूस भाव विचारत नव्हता, 'माल निघेल का' एवढंच विचारत होता.

शेतीवैद्य

दापोलीचा कृषी पदवीधर आहे, भातपैदास हाच विषय. पाण्यावर लिहून झालं, बियाण्यावर मी लिहितो, कारण आठपट उत्पादनाचं निम्मं श्रेय तरी बियाण्याचं आहे असं मी मानतो.

कुरुणेगलाजवळ बाथलगोडा नावाचं ठिकाण आहे, तिथे त्यांची भात संशोधन संस्था. १९५०च्या दशकाच्या शेवटी त्यांनी एच-४ ही संकरातून निवडलेली जात दिली. म्हणजे हरितक्रांतीतली प्रसिद्ध आयआर-८ जात यायच्या आधीच यांचं काम सुरू झालं होतं. पुढे बुटक्या, खताला प्रतिसाद देणाऱ्या बीजी जाती आल्या: बीजी ११-११, बीजी ३४-८, बीजी ९४-१, आणि अलीकडे बीजी ३५२, बीजी ३५८, बीजी ३००. अंबलन्तोट्याहून एटी ३६२. आकड्यात पिकाची मुदतही कळते: बीजी ३०० तीन महिन्यांची, ३५२ साडेतीन महिन्यांची. शेतकऱ्याला तळ्यात किती पाणी आहे ते दिसतं, त्यावरून तो कुठली जात पेरायची ते ठरवतो. हे फार शहाणपणाचं आहे.

तिथे दोन हंगाम. महा म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी, ईशान्य मोसमी पावसावर, फेब्रुवारी-मार्चला काढणी. दुसऱ्याचं नाव 'याला', एप्रिल ते सप्टेंबर, तो लहान. हेक्टरी उत्पादन ५०च्या दशकात दीड टन होतं, आता साडेचार टनांच्या पुढे जातं. आणि देशातला जवळजवळ सगळा भात त्यांच्याच संस्थांनी काढलेल्या जातींचा आहे. बियाणं कुठल्या परदेशी कंपनीचं नाही. @पाणथळ, 'काय काय स्वतःचं असायला हवं' असं विचारलंत ना? पाणी आणि बियाणं ही दोन्ही त्यांची स्वतःची आहेत. राहिलं खत.

गोंदियाकर

@शेतीवैद्य, रोवणी करतात की आवत्या?

शेतीवैद्य

बहुतेक आवत्याच. चिखलणी करून मोड आलेलं बी फेकतात. रोवणीला मजूर मिळत नाहीत, तुमच्याकडे नि आमच्याकडे जे झालंय तेच. त्यामुळे तण वाढतं नि तणनाशकावरची भिस्तही वाढते.

कातळसडा

आमच्याकडे मजूर मिळत नाहीत म्हणून खाचरंच ओस पडली. तरवा काढायला माणूस नाही, लावणीला मुंबईहून चाकरमानी आले तर आले. भात खाणारे आम्ही आणि पिकवणारे दुसरेच. श्रीलंकेला नावं ठेवायच्या आधी जिल्ह्याचा हिशेब करायला हवा.

उंबरठा

खतबंदीवर सगळे तुटून पडणार हे माहीत होतं, म्हणून दुसरी बाजू मांडते.

अनुराधापूर-पोलोन्नारुवा भागात, त्यांच्या रजरट प्रदेशात, १९९०च्या दशकापासून मूत्रपिंडाचा एक आजार भातशेतकऱ्यांत दिसतोय. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरी मूत्रपिंड निकामी होतात. कारण अजून पक्कं ठरलेलं नाही. पाण्याचा कठीणपणा, फ्लोराइड, उष्णतेत पाणी न पिता काम, कृषिरसायनं, सगळ्यांवर संशय आहे. घरातला कर्ता माणूस चाळिशीत डायलिसिसवर गेला तर त्या घराला हेक्टरी साडेचार टनांचं कौतुक काय सांगणार? सेंद्रिय शेतीची मागणी आकाशातून पडली नव्हती. पद्धत चुकली असेल, पण ज्या वेदनेतून ती आली ती खरी आहे.

शेतीवैद्य

@उंबरठा, वेदना खरी आहे, पूर्ण मान्य. पण निर्णय कसा झाला ते बघा. मे २०२१ मध्ये आयात बंद. पुढच्या महा हंगामाला किती सेंद्रिय खत लागेल, ते कुठून येईल, याची तजवीज नाही. भाताला नत्र लागतं, ते शेणखतातून द्यायचं तर हेक्टरी कित्येक टन शेणखत हवं, तेवढी जनावरं त्या देशात नाहीत. चीनहून सेंद्रिय खताचं जहाज मागवलं, त्यात हानिकारक जिवाणू सापडले म्हणून उतरवू दिलं नाही आणि वाद मिटवायला पैसे मात्र भरावे लागले. नोव्हेंबरात आपल्या हवाई दलाच्या विमानांतून नॅनो युरिया गेला. महिनाअखेरीस बंदी उठली, पण तोवर पेरण्या होऊन गेल्या होत्या.

शिवाय डॉलर संपत आले होते, आयात वाचवणं हाही हेतू त्यामागे होता. आजारी शेतकऱ्याचं नाव पुढे करून परकीय चलन वाचवायला जाणं, हे मला सगळ्यांत जास्त खटकतं.

उंबरठा

शेवटच्या वाक्याशी सहमत. दहा वर्षांचा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम असता, तर आज त्या आजाराविषयीही काही शिकता आलं असतं. आता 'सेंद्रिय' म्हटलं की तिथला शेतकरी चिडतो. हे नुकसान उत्पादनातल्या घटीपेक्षा जास्त काळ टिकेल.

तांबडफुटी

एक गोष्ट या धाग्यात अजून आली नाही. जमीन कुणाची?

डी. एस. सेनानायके (पहिले पंतप्रधान, डडलींचे वडील) यांनी कोरड्या भागात वसाहती वसवल्या, आधी मिन्नेरिया, मग १९४९पासून गल ओया. जंगल तोडून धरण, कालवे, आणि दक्षिणेतल्या दाट वस्तीच्या भागातून आणलेली कुटुंबं. भातासाठी हे उत्तम. पण पूर्वेकडच्या तमिळ भाषकांना ते आपल्या प्रदेशात सरकारने सिंहली वस्ती घुसवल्यासारखं वाटलं. १९५६ला गल ओयातच दंगल झाली. पुढे महावेली नदीवरची धरणं: ३० वर्षांची योजना, १९७७च्या सरकारने ती सहा वर्षांत उरकायची ठरवली. कोत्मलेला स्वीडन, व्हिक्टोरियाला ब्रिटन, रंदेनिगलाला जर्मनी, मदुरु ओयाला कॅनडा. परदेशी मदतीने धरणं झाली, वीज आली, हजारो एकर ओलिताखाली आले, आणि तोच वाद पुन्हा पेटला.

मग युद्ध. किलिनोच्चीचं इरणमडू तळं, बट्टिकलोआ, त्रिंकोमाली, सगळी भाताची जमीन लढाईत सापडली. २००९ला युद्ध संपल्यावर उत्पादन वाढलं त्यात या परत पेरल्या गेलेल्या शेतांचा वाटा आहे. स्वयंपूर्णतेचा आलेख बघताना हे विसरू नये. तो चढत गेला तेव्हा देश दुभंगत होता.

जुनाजाणता

@तांबडफुटी, हे यायलाच हवं होतं. आभार.

१९७०-७७चा काळही कुणीतरी लिहा असं म्हणणार होतो, मग मीच लिहितो. निवडणुकीत दोन मापं तांदूळ देऊ, चंद्रावरून आणावा लागला तरी आणू, अशी घोषणा सिरिमाओ बंडारनायके यांच्या नावावर आजही सांगतात. सत्ता आली, मग १९७३चा तेलाचा भडका, जगभर धान्य महाग. परवान्याशिवाय एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात तांदूळ न्यायला बंदी, रस्त्यांवर अडसर लावून पिशव्या तपासायचे. आपल्याकडे १९७२च्या दुष्काळात लाल मिलो खाल्लेल्या माणसाला हे वेगळं समजावावं लागत नाही. त्या मिलोच्या भाकरीचा वास मी अजून विसरलेलो नाही.

आणि चीन! १९५२चा रबर-तांदूळ करार: सिलोनने वर्षाला ५० हजार टन रबर द्यायचं, चीनने २ लाख ७० हजार टन तांदूळ. अमेरिकेचा विरोध पत्करून केला आणि तो वाढवत वाढवत तीस वर्षं चालवला. लहान देशाने पोटासाठी दाखवलेली ही हिंमत मला फार भावते.

मंजिरी_द

थोडं अवांतर: तिथला तांदूळ चवीला कसा असतो?

पाणथळ

@मंजिरी_द, नाडू उकडा, सांबा बारीक गोल दाण्याचा, कीरी सांबा त्याहून नाजूक आणि लग्नकार्यात हवाच. लाल तांदूळ दक्षिणेत घरोघरी. नववर्षाला नारळाच्या दुधातला किरिबत करतात आणि वड्यांसारखा कापून वाढतात. सुवंदेल नावाची जुनी वासाची जात आहे, थोडीच पिकते, मिळाली तर सोडू नका.

कातळसडा

उकडा आणि लाल दोन्ही? मी निघालोच.

पाणथळ

या, जेवायलाच या.

आता मूळ मुद्द्याकडे. २०२०चे ५१ लाख टन भात म्हणजे भरडून साधारण ३३ लाख टन तांदूळ. माणशी वर्षाला ११० किलो धरले तरी गरज २४-२५ लाख टनांची. कागदावर उरायला हवा. तरीही चांगल्या वर्षांनंतर टंचाई येते. का? काही भात पशुखाद्यात जातो. पण मुख्य म्हणजे काढणीनंतर भात कुणाच्या गोदामात आहे हे कुणालाच नीट माहीत नसतं. सरकारी भात खरेदी मंडळ थोडाच भात घेतं. बाकीचा पोलोन्नारुवा आणि आसपासच्या मोजक्या मोठ्या गिरण्यांकडे जातो. शेतकऱ्याला काढणीच्या वेळी पैसा लगेच हवा असतो, वाळवायला नि साठवायला जागा नसते. मार्चमध्ये तो ओला भात मिळेल त्या भावाने देतो आणि नोव्हेंबरात त्याच गावात तांदूळ महाग घेतो. सरकारने कमाल भाव ठरवला की माल दिसेनासा होतो.

म्हणून मला वाटतं, पिकवण्याची लढाई ते कधीच जिंकले आहेत. साठवण्याची अजून लढलेलेच नाहीत.

अर्थपूर्ण

हे पटलं, आणि माझ्या सिंगापूरच्या मुद्द्याला ते जवळचं आहे: गोदाम महत्त्वाचं. मंजिरीताईंच्या निर्यातबंदीच्या मुद्द्यानंतर 'सगळा तांदूळ विकत घ्या' असं मी म्हणणार नाही. पण शंभर टक्केच का? ८५-९० टक्के पिकवा, तीन महिन्यांचा साठा सरकारच्या हातात ठेवा आणि उरलेल्या पाण्यावर 'याला' हंगामात शेतकऱ्याला मूग, मका, मिरची घेऊ द्या. २०१७च्या दुष्काळात उत्पादन २४ लाख टनांवर आलं होतं, तेव्हा खतबंदी नव्हती. शंभर टक्क्यांचा आग्रह धरूनही आभाळ ऐकत नाही.

गोंदियाकर

@अर्थपूर्ण, 'याला' हंगामाबद्दल ठीक, पण महाच्या धानाखालची बांधी चिबड असते. तिथे मिरची सडेल. कागदावर पीक बदलणं सोपं असतं.

शेतीवैद्य

गोंदियाकर बरोबर. निचऱ्याच्या वरच्या जमिनीत बदल करा, खोलगट जमीन भातालाच ठेवा. आणि युरियाचं म्हणाल तर माती परीक्षण करून दिला तर कमी लागतो. अनुदानामुळे गोणी फुकटात पडल्यासारखी झाली आणि लोक हात सैल सोडून टाकत गेले. आयात शून्य होणार नाही, पण कमी नक्की होईल. उंबरठांच्या प्रश्नाचाही थोडा भाग त्यात येतो.

तांबडफुटी

साठा सरकारच्या हातात म्हणताय, तर तो किलिनोच्चीतही असावा, फक्त पोलोन्नारुवात नको. तिथला शेतकरी आपला भात दक्षिणेच्या गिरणीला विकून तांदूळ परत विकत घेतो.

अर्थपूर्ण

@तांबडफुटी, मान्य. @गोंदियाकर, चिबड जमिनीचं लक्षात घेतो, पण ९० टक्क्यांवर मी ठाम आहे. पुढच्या महाचे आकडे आले की पाणथळ, इथेच टाका, तेव्हा पुन्हा भांडू.